सोलापूरचे जुने सणवार : गिरणीचा भोंगा, गड्डा, लक्ष्म्या, येळवस... आठवतंय ते लिहा

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. सोलापूरच्या सणांवर कुणी लिहायला बसलं की गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दोन ओळी, शेंगाचटणीचं नाव, कडक भाकरी आणि झालं. पण ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकातलं सोलापूर बघितलंय त्यांना माहिताय की इथला सण पंचांगावर जेवढा चालायचा तेवढाच गिरणीवर चालायचा. १८७७ ला जुनी मिल सुरू झाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाममिल, आणि पूर्व भागात घरोघरी माग. अख्ख्या गावाचा पगार, सुट्टी, पाळी, जेवायची वेळसुद्धा भोंग्यावर. त्यामुळं सण आला की सगळं गाव एकाच वेळी मोकळं व्हायचं. मला वाटतं त्या दिवसांची खरी मजा ह्यातच होती. आता पैसा आहे, मिठाई आहे, कपडे तर बाराही महिने येतात, पण गल्लीतली सगळी माणसं एकाच दिवशी घरी असलेली मी कित्येक वर्षांत बघितलेली नाही. कुणी आयटीत पुण्याला, कुणाची नाईट, कुणाचं दुकान दिवाळीतच जास्त चालतं, त्यामुळं प्रत्येकाचा सण वेगळ्या वेळेला.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रावर, होते. दिवाळीच्या आधी बोनस किती टक्के सुटणार ह्याची चर्चा नवरात्रापासूनच सुरू व्हायची, चहाच्या गाड्यावर, न्हाव्याकडं, नळावर. बोनस झाला की त्या संध्याकाळी नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती इथं चालायला जागा नसायची. आई आधी किराण्याची उधारी फेडायची, मग रेशनची साखर, डालड्याचा डबा, रवा, पिठीसाखर, आणि मग उरलेल्यात कापड. कापड म्हणजे एकाच ताग्यातलं. आम्हा तिघा भावांचे शर्ट, चुलतभावाचा शर्ट आणि उरलेल्या तुकड्यात धाकट्या बहिणीचा फ्रॉक, सगळं एकाच चौकड्याचं. शिंपी आमच्याच गल्लीतला, तो धनत्रयोदशीच्या रात्री उशिरापर्यंत मशीन मारत बसायचा आणि आम्ही पोरं त्याच्या पायरीवर बसून असायचो, काजं-बटणं झाली का, इस्त्री झाली का. तो चिडायचा नाही. माप घेताना दोन बोटं जास्त धरायचा, पुढच्या वर्षीपण आलं पाहिजे म्हणून.

फराळ एकट्या घरात झालेला मला आठवतच नाही. चकलीचा सोऱ्या गल्लीत एकच होता, पितळी, तो घरोघरी फिरायचा आणि त्याच्या मागं बायका फिरायच्या. आज हिच्याकडं चकल्या, उद्या तिच्याकडं अनारसे. करंजी कातायचं चिरणं आम्हा पोरांच्या हातात मिळालं की आम्ही राजे.

आकाशकंदील घरचाच. कामट्या तासायच्या, दोऱ्यानं बांधायच्या, पतंगी कागद खळीनं चिकटवायचा. मैद्याची खळ करायला आई पीठ द्यायची पण मोजून. आणि किल्ला. भुईकोट डोळ्यासमोर असल्यामुळं आमच्याकडच्या पोरांचा किल्लासुद्धा डोंगरी कमी आणि भुईकोटच जास्त, बाहेरून खंदक, त्यात पाणी. वर अळीव पेरायचा, तीन-चार दिवसात हिरवं व्हायचं. मावळे कुंभार वेशीतनं आणायचे, मातीचे, रंग अजून ओला असलेले.

नरकचतुर्दशीला पहाटे अंधारात कारीट फोडायचं, उटणं, बंबातलं पाणी, रेडिओवर कीर्तन. आमच्या सोलापूरच्या पाण्याची बोंब तेव्हापण होती, म्हणून आदल्या दिवशी पिपं भरून ठेवायची, आणि ज्यांच्याकडं पाणी आलं नाही त्यांच्या आंघोळी दुसऱ्याच्या न्हाणीत व्हायच्या. त्यात कुणाला लाज वाटत नव्हती.

लिहा मंडळी. दिवाळीवरच थांबू नका, गड्डा, लक्ष्म्या, पंचमी, ईद, नारळी पौर्णिमा, जे आठवतंय ते.

साखरपेठ_७२

काका एकदम मनातलं लिहिलात. आम्ही पूर्व भागातले, पद्मशाली म्हणजे विणकर, घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी. तुमच्या भोंग्यासारखा आमच्याकडं मागाचा आवाज. सकाळी झोपेतनं उठायचो ते खटक-खटक ऐकून आणि सण आलाय हे कळायचं ते तो आवाज बंद झाला की. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो त्या दिवशी माग बंद. नवं जानवं, राखी, सगळं एकाच दिवशी. आमचे नान्ना, म्हणजे वडील, वर्षभर बनियनवर, अंगावर सुताचा कोंडा, पण त्या दिवशी पांढरं धोतर, शर्ट, कपाळाला गंध, ओळखू यायचे नाहीत. रथाच्या पुढं लेझीम, टिपऱ्या. सोलापूरचा लेझीम बघायचा असेल तर तेव्हाचा बघायला पाहिजे होता, हलगीवर ताल, म्हातारे पण घुसायचे मधीच. शाळेतलं कवायतीसारखं लेझीम वेगळं आणि हे वेगळं.

आणि नवरात्रात बतुकम्मा. अम्मा आणि शेजारच्या बायका तरवडाची पिवळी फुलं आणायच्या, आम्ही पोरं पहाटे शेताच्या बांधाला जाऊन टोपली भरून आणायचो, तेव्हा गाव एवढं पसरलं नव्हतं, थोडं चाललं की माळ लागायचा. ताटात फुलांचा एकावर एक थर लावत वर निमुळतं न्यायचं, वरती हळदीची गौरी. संध्याकाळी अंगणात मधी ठेवून बायका गोल फिरत टाळ्या वाजवत गाणी म्हणायच्या. गाणी तेलुगू, पण गोलात शेजारच्या मराठी आणि कन्नड काकू पण असायच्या, त्यांना शब्द अर्धे यायचे आणि टाळी बरोबर यायची. आता मोठ्या मैदानात स्टेज लावून करतात, स्पर्धा असते, साड्या सगळ्यांच्या एका रंगाच्या. चांगलंय, पोरी निदान करतात. पण फुलं बाजारातनं विकत येतात आणि तरवड म्हणजे काय हे माझ्या मुलीला दाखवायला मला लांब जावं लागलं.

विड्या वळणाऱ्या बायकांचं पण लिहायला पाहिजे कुणीतरी. आमच्या अम्माच्या विडीच्या पैशावर आमच्या घरी किती सण झालेत. दिवाळीच्या आधी रोजच्यापेक्षा जास्त पानं कातरायची, रात्री कंदिलाखाली सगळ्या बहिणी मदतीला. दोन पैसे जास्त मिळाले की आमच्या टिकल्या-फुलबाज्या त्यातनं.

जुळेसोलापूर_९८

मस्त धागा. मी वयानं लहान आहे त्यामुळं गिरणी मी फक्त पडकी बघितलीय. पण एक विचारू का, गड्डा तर अजून पण होतो की, नंदीध्वज अजून निघतात, अक्षता पण तशीच, गर्दी तर तुमच्या वेळेपेक्षा जास्तच असेल. मग नेमकं काय बदललं असं वाटतं तुम्हाला? वाद घालायचा म्हणून नाही विचारत, खरंच समजून घ्यायचंय.

बाळीवेसकर

@जुळेसोलापूर_९८ चांगला प्रश्न आहे, नीट उत्तर देतो.

जत्रेचा धार्मिक भाग बदललेला नाही, आणि ह्याचा मला फार अभिमान आहे. बाहेरगावचे वाचतायत म्हणून सांगतो. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. तळं त्यांनी बांधलं आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या दिवसात उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात, उंच काठ्या, बाशिंग बांधलेलं, खोबऱ्याचे हार, आणि एकेक काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलायची. वेगवेगळ्या समाजांचे वेगवेगळे मान. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, त्याला आपण यण्णीमज्जन म्हणतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह. "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम, नित्यम नित्यम" झालं की लाखभर हात एकदम वर जातात आणि तांदूळ उडतात, ते बघून अंगावर काटा येतो, मला अजून येतो. मग होमप्रदीपन, त्या रात्री नागफणी बांधलेला नंदीध्वज पेलणं म्हणजे खरी ताकद. वासराची भाकणूक, त्यावरनं पाऊसपाणी कसं होणार ते बघायचं. मग शोभेचं दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवायचा विधी. हे सगळं तसंच आहे. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं बघितली की आमचे आजोबाच चाललेत असं वाटतं.

बदललं ते सगळं त्याच्या भोवतीचं. होम मैदानावर जो गड्डा भरायचा तो वर्षातनं एकदाच यायचा ना, म्हणून त्याची वाट. पाळणा वर्षात एकदाच. मौत का कुआँ एकदाच. तंबूतला सिनेमा, पडद्यासमोर पत्र्याच्या विमानात बसून काढलेला फोटो, मेणबत्तीवर पाण्यात फटफट चालणारी पत्र्याची बोट, हे सगळं त्या महिन्याभरातच. ती बोट मिळाली की घरी आल्यावर घमेल्यात पाणी घेऊन अख्खी गल्ली भोवती बसायची. आता ते सगळं मॉलमधे रोज आहे, मोबाइलवर तर खिशातच आहे. मग पोरगं गड्ड्यावर जातं आणि तासाभरात घरी चला म्हणतं, त्याचा काय दोष.

दुसरं, आम्ही चालत जायचो. बाळीवेशीतनं निघायचं तर वाटेत कोण कोण मिळत जायचं, मैदानावर पोचेपर्यंत पंधरा-वीस जणांचा घोळका व्हायचा. खेड्यातनं बैलगाड्या यायच्या, पाहुणे मुक्कामालाच. आमच्या दोन खोल्यांत किती माणसं झोपायची ते आता सांगितलं तर खोटं वाटंल. पाहुण्यांनी येताना हुरडा, बोरं, ऊस, ढाळे आणलेले असायचे, जाताना आई त्यांना शेंगापोळ्या बांधून द्यायची. आता पाहुणा जत्रेला येतो, गाडी पार्क करायला जागा शोधतो, दर्शन घेतो आणि संध्याकाळी परत.

२०२१ ला कोरोनामुळं गड्डा भरला नाही, मोजक्या मानकऱ्यांत विधी झाले. त्या जानेवारीत मी मुद्दाम होम मैदानाच्या बाजूनं गेलो होतो. सगळं मोकळं. तेव्हा मला पटलं की विधी मोजक्या माणसांत होऊ शकतात पण जत्रा नाही होऊ शकत.

निवृत्त_मास्तर

बाळीवेसकर, यण्णीमज्जनाच्या दिवसांना लागूनच आणखी एक तारीख येते ती इथल्या तरुण मंडळींनी विसरू नये. १२ जानेवारी १९३१. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ह्या आपल्या चार माणसांना येरवड्याला फाशी दिलं. १९३० च्या मे महिन्यात गावात मार्शल लॉ लागला होता त्या प्रकरणात. नावं वाचा, आपलं गाव कसं होतं ते चार नावांतच आहे.

माझ्या लहानपणी, म्हणजे पन्नासच्या दशकात, जत्रेच्या घाईतसुद्धा घरातली मोठी माणसं त्या दिवशी गप्प असायची. ज्यांनी ते दिवस डोळ्यांनी बघितले होते ती माणसं तेव्हा हयात होती. आम्हाला शाळेतनं प्रभातफेरीला नेत, थंडीत कुडकुडत, आणि मग दुपारी गड्डा. एकाच आठवड्यात दोन्ही.

१५ ऑगस्ट हा पण तेव्हा सणच होता, हे आताच्या मुलांना समजावून सांगायला लागतं. आदल्या रात्री पांढरे कपडे नीळ देऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री. कॅनव्हासच्या बुटांना खडू. झेंडावंदन झालं की गोळ्या, आणि वडील येताना कागदात बांधून जिलेबी आणायचे, ती घरी गरम पोचावी म्हणून भरभर चालत यायचे.

विजापूरवेस

सलाम सगळ्यांना. मास्तर, कुर्बान हुसेन यांचं नाव घेतलंत, बरं वाटलं.

आमच्या वेशीत रमजानचा महिना म्हणजे आख्खा सण. मीना बाजार आता मोठा झालाय, लाइटिंग काय, गर्दी काय, पण आम्ही लहान असताना पहाटे सहरीला उठवायला माणूस यायचा, डफ वाजवत, गल्लीगल्लीतनं. घड्याळाचा गजर सगळ्यांकडं नव्हता. त्याच्यामुळं शेजारचे हिंदू पण उठायचे आणि कुणी कधी काही बोललं नाही, उलट आमच्या समोरच्या अव्वा म्हणायच्या की बरं झालं, माझी पण पूजा वेळेवर होते.

ईदच्या आधी शेवया घरीच. पाटावर हातानं वळायच्या, खाटेवर पांढऱ्या चादरीवर वाळत टाकायच्या आणि राखण आम्हा पोरांकडं, चिमण्या येतात म्हणून. वळायला सगळ्या यायच्या, अम्मीच्या मैत्रिणी, त्या अव्वा, वरच्या मजल्यावरच्या ताई. ईदला शीरखुर्म्याचे डबे आमच्याकडनं जायचे आणि दिवाळीला त्याच डब्यांतनं फराळ यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही ही पद्धत होती, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची.

मोहरममधे पंजे बसायचे तिथं सगळ्या समाजाचे लोक नवस फेडायला यायचे. मलिदा, सरबत. ज्यांच्या घरी सवारीचा मान ती काही घरं हिंदूंची होती आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. अजून पण होतं, खेड्यात तर जास्तच. पण शहरात मधी बोलायचे विषय बदलले, मला त्याचं वाईट वाटतं, जास्त नाही लिहीत.

अक्कलकोटची_लेक

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, सासर सोलापूर. मी येळवस लिहिते कारण इथं कुणी लिहिली नाही अजून, आणि माझ्यासाठी वर्षातला मोठा सण तोच.

मार्गशीर्षातली अमावस्या. ज्वारी पोटऱ्यात किंवा निसवायला आलेली, हरभऱ्याला घाटे, करडईला काटे यायला लागलेले, आणि थंडी. आदल्या रात्री बायका झोपतच नाहीत. आंबील आधीच आंबवायला घातलेली, ज्वारीच्या पिठाची, ताक, लसूण, आलं घालून, मोठ्या मातीच्या बिंदग्यात. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे बरं का, तुरीचे सोले, वाटाणा, वाल, ओला हरभरा, मेथी, चाकवत असं सगळं शिजवून बेसन लावून घट्ट केलेली. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची भाकरी, शेंगापोळी, आंबट भात. हे सगळं डोक्यावर घेऊन शेताला. आमचे अप्पा बिंदगं डोक्यावर घेऊन पुढं आणि मागं आम्ही, बैलगाडीत म्हातारी माणसं आणि पोरं.

शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केलेली असायची. आत पाच दगड, चुन्यानं रंगवलेले, पाच पांडव म्हणतात. पूजा झाली की शेतभर फिरून आंबील शिंपडायची आणि मोठ्यानं म्हणायचं "ओलगे ओलगे सालम पोलगे". प्रत्येक गावात म्हणायची तऱ्हा थोडी वेगळी. अर्थ काय ते आम्ही लहानपणी कधी विचारलं नाही, ओरडायला मिळतं हेच पुष्कळ. मग जेवण. आणि मुख्य म्हणजे ज्याला शेत नाही त्याला ज्याचं शेत आहे तो घेऊन जाणारच. शेतमजूर, शिक्षक, पोस्टमन, एसटीचा मुक्कामी ड्रायव्हर-कंडक्टर, कुणी त्या दिवशी गावात जेवायचं नाही. गाव दुपारी मोकळं पडायचं. संध्याकाळी मशालीसारखा पेटता हेंडगा घेऊन पोरं शेताला फेरी मारायची.

बाळीवेसकर म्हणतात ना सगळे एकाच वेळी मोकळे, ते आमच्याकडं गिरणीशिवाय व्हायचं. शेतच सगळ्यांना मोकळं करायचं.

आता आमची काही जमीन रस्त्यात गेली, उरलेल्यात ऊस झाला. उसात येळवस करता येत नाही हो, कोप करायला कडबा नाही, बसायला जागा नाही. भाऊ म्हणतो बांधावर करू. करतो आम्ही. पण ज्वारीत बसून वर बघितलं की कणसं दिसायची, ते आता नाही.

पुण्यातली_सोलापूरकर

सगळ्यांचं वाचून डोळे भरून आले. पण मला एक गोष्ट लिहायचीच आहे, कुणाला दुखवायचं नाही.

ते दिवस आपल्याला साधे वाटतात कारण आपण तेव्हा लहान होतो आणि काम आया करत होत्या. आमच्याकडं लक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसायच्या, उभ्या, मोठ्या, पायऱ्यांची आरास, सोळा भाज्या, पुरण, आंबील, घावन-घाटलं. आई त्या तीन दिवसांत बसलेली मला आठवत नाही. चुलीपुढं, सोवळ्यात, ओल्या साडीनं. पंगतीवर पंगती उठायच्या आणि ती दुपारी चार वाजता जेवायची, तेव्हा भाजी संपलेली असायची. आणि माझी एक आत्या होती, लहान वयात नवरा गेला. ती सगळं पुरण वाटायची, पाट्यावर, हात भरून यायचे तिचे, पण हळदीकुंकवाला बायका यायला लागल्या की आपण होऊन आतल्या खोलीत जायची. कुणी जा म्हणायचं नाही आणि कुणी थांब पण म्हणायचं नाही. संक्रांतीला तिला वाण नाही. मी आठवीत असताना तिच्या हातावर तिळगूळ ठेवून पाया पडले तर ती रडली होती.

त्यामुळं मला जुनं सगळं परत नकोय. मी आता माझ्या घरी लक्ष्म्या बसवते, भाज्या पाच करते, पुरण मिक्सरला लावते, नवरा आणि मुलगा वाढतात, आणि हळदीकुंकू सगळ्या बायकांना लावते, सगळ्या म्हणजे सगळ्या. देवीला ते आवडत असणार असं मला मनापासून वाटतं.

पण एक नक्की, बाळीवेसकर म्हणतात ती माणसं मला हवीयत. सोसायटीत चाळीस फ्लॅट आहेत आणि लक्ष्म्यांच्या जेवणाला मला सवाष्ण शोधावी लागते, प्रत्येकीला ऑफिस.

बाळीवेसकर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. अगदी खरं आहे. आमच्या आईचं पण तेच, आणि आम्ही पुरुषांनी ते तेव्हा बघितलं नाही. बोनसबद्दल मी एवढं लिहिलं, पण बोनस आला तरी राबणं तिचंच. तुम्ही जे करताय ते सगळ्यांनी करायला पाहिजे. आमच्या वाड्यात आता आम्ही संक्रांतीला सगळ्यांना बोलावतो, आमच्या शेजारच्या काकू, काका गेल्यापासून येत नव्हत्या, त्यांना माझी बायको जाऊन हाताला धरून घेऊन आली. पहिल्या वर्षी अवघडल्या, आता त्याच सगळ्यांना तिळगूळ देतात.

साखरपेठ_७२

@पुण्यातली_सोलापूरकर ताई, तुमच्यासाठी एक. बतुकम्माच्या गोलात आमच्याकडच्या विधवा बायका पण असायच्या निदान आमच्या गल्लीत तरी. अम्मा म्हणायची फुलांना काय कळतं कोण कोण ते. म्हणून सांगितलं.

गणपतीचं कुणी लिहिलं नाही अजून? शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती १८८५ पासूनचा मानतात, म्हणजे लोकमान्यांनी सार्वजनिक उत्सव सुरू करायच्या आधीचा. आमच्या लहानपणी मिरवणूक बघायला दुपारपासून कट्टा धरून बसायचो आणि मंडळं लेझीमवर ओळखायचो. ह्यांचे चौदा डाव, त्यांचा घुंगराचा लेझीम. महिनाभर आधी रोज रात्री सराव, मागावरनं सुटलेली माणसं जेवून थेट मैदानात. नंतर डॉल्बी आली आणि रात्रीचा सराव बंद, कारण बटन दाबायला सरावाची गरज नाही. छातीत धडधडतं, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, मी ह्यावर फार तळमळीनं बोलतो मंडळाच्या बैठकीत. गेल्या काही वर्षात काही मंडळं पुन्हा लेझीमकडं वळलीत, पोरी पण आल्यात लेझीममधे, आणि पोरी जास्त चांगलं खेळतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

निवृत्त_मास्तर

कोजागरीचं तुळजापूर राहिलं. सोलापूरच्या रूपाभवानीला नमस्कार करून रात्री चालायला लागायचं, ४५ किलोमीटर, सकाळी आई भवानीच्या दारात. सोलापूरचे, खालचे कर्नाटकातले, सगळे त्या रस्त्यावर. चांदणं एवढं की बॅटरी लागायची नाही. वाटेतल्या गावचे लोक चहा, केळी, पायाला तेल लावून द्यायचे. हा एक सण मात्र वाढलाय आणि चांगला वाढलाय. माझे दोन्ही नातू जातात. धाकटा पुण्याहून मुद्दाम सुट्टी काढून येतो, दिवाळीला एखादवेळेस येत नाही पण ह्याला येतो.

जुळेसोलापूर_९८

मास्तर, मी पण जातो दरवर्षी! आणि काका, तुमचं गड्ड्याचं उत्तर वाचून आईला दाखवलं, ती पण सुरू झाली, तिचे आजोबा जाममिलमधे होते हे मला आजच कळलं.

एक मदत पाहिजे. ह्या वर्षी भोगीला आणि संक्रांतीला आम्ही मित्र मिळून घरी करायचं ठरवतोय, विकत आणायचं नाही. गल्लीतल्या तीन-चार घरांनी एकत्र. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणत आजी गरगट्टा, म्हणजे भोगीची मिसळीची भाजी, करायची तो आईला येतो. पण शेंगापोळी कुणालाच येत नाही, आईची पण फाटते. अक्कलकोटच्या ताई, सांगता का?

अक्कलकोटची_लेक

का नाही सांगणार बाळा, लिहून घे.

शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, डाग पडू द्यायचे नाहीत. गार झाल्यावर सालं चोळून, सुपात पाखडून काढायची. सुप नसलं तर परातीत पंख्याखाली, गच्चीत करा नाहीतर घरभर होईल. कूट बारीक करायचा आणि चाळायचा, चाळायला कंटाळा केला की पोळी फाटणार, आईचं तिथंच चुकत असणार. कुटाएवढाच गूळ, किसलेला, पिवळा मऊ गूळ घ्या, चिक्कीचा घेऊ नका, कडक होते. थोडे भाजलेले तीळ कुटून, वेलची. हातानं मळून गोळा झाला पाहिजे, नाही झाला तर पाण्याचा हात लावायचा नाही, चमचाभर तूप.

वरचं पीठ कणीक आणि थोडं बेसन, कडकडीत मोहन, घट्ट मळून तासभर झाकून. दोन पाऱ्यांच्या मधे सारणाचा गोळा ठेवून कडा दाबायच्या आणि तांदळाच्या पिठीवर लाटायची, सारण कडेपर्यंत गेलं पाहिजे. जास्तीची कड चिरण्यानं कापून टाका. तवा मध्यम. आच जास्त झाली की गूळ बाहेर येऊन जळतो. गार झाल्याशिवाय एकावर एक ठेवायच्या नाहीत. आठ दिवस टिकतात, घट्ट तूप लावून खायच्या.

चार घरं आहात तर एकीनं लाटायचं, एकानं भाजायचं, एकानं सारणाचे गोळे. एकट्यानं करायला गेलास तर रात्र होईल. आणि भोगीच्या आदल्या दिवशी करून ठेव, सणाच्या दिवशी सकाळी करायला बसू नकोस, अक्षतेला पोचणार नाहीस.